अमेरिकी वैद्यक असे का घडले? पगाराला बांधलेला विमा आणि रुग्णाच्या हाती दिलेला निर्णय

धागालेखक: नदीकाठ

गेली अठरा वर्षे मी न्यू जर्सीत राहत आहे. या काळात इथल्या वैद्यकाने मला दोनदा अशा जागी आणून उभे केले की त्यानंतर या व्यवस्थेचा इतिहास वाचल्याखेरीज मला राहवले नाही.

पहिला प्रसंग २०१२ मधला आहे. आमचा विभाग बंद झाला, नोकरी गेली, आणि शेवटच्या दिवशी हातात पडलेल्या कागदांत एक पत्र होते की कुटुंबाचा आरोग्यविमा त्या महिन्याच्या अखेरीस संपेल. पत्नीला तेव्हा सातवा महिना होता. कोब्रा नावाच्या कायद्यानुसार तोच विमा अठरा महिने चालू ठेवता येतो, मात्र मालक भरत असलेला वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के व्यवस्थापनाचा खर्च द्यायचा. आपल्या विम्याचा खरा हप्ता किती असतो हे मला त्या दिवशी प्रथम कळले. तो आमच्या घरभाड्याच्या जवळपास होता आणि पगार थांबला नेमका त्याच महिन्यापासून भरायचा होता.

दुसरा प्रसंग गेल्या वर्षीचा. आई ग्रीन कार्डावर इकडे आली आहे, तिचे वय ७१. तिला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. आम्ही भावंडांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ठरवले की 'गाठ आहे, काढून टाकू' एवढेच तिला सांगायचे, आणि डॉक्टरांना तसे आधी कळवलेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. खोलीत आल्यावर मात्र त्यांनी दूरध्वनीवरच्या मराठी दुभाष्यामार्फत थेट आईला विचारले, 'आजाराची सगळी माहिती तुम्हाला स्वतःला हवी आहे, की मी तुमच्या मुलाशी बोलू?' आई म्हणाली, 'मलाच सांगा.' त्या दिवशी मला त्या डॉक्टरांचा फार राग आला होता.

या दोन्ही प्रसंगांचे मूळ एकच आहे असे मला आता वाटते. इथल्या वैद्यकाच्या नजरेत रुग्ण ही एकटी, सुटी व्यक्ती आहे. तिच्या शरीराचा निर्णय तिचा, म्हणून पोटचा मुलगाही मध्ये येऊ शकत नाही. आणि तिच्या उपचाराचा भारही मुळात तिचाच, म्हणून इतरांनी तो उचलायचा तर आधी काही पात्रता सिद्ध व्हावी लागते, ज्यात नोकरी ही सर्वांत मोठी.

हा निर्णयाचा हक्क इथे पहिल्यापासून होता, असा कोणाचा समज असेल तर तो खरा नाही. १९१४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अपील न्यायालयात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिले की सज्ञान आणि शाबूत मनाच्या प्रत्येक माणसाला आपल्या शरीराचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क आहे. वैद्यकीय नीतीच्या वर्गांत हे वाक्य आजही शिकवतात. ज्या बाईंची गाठ त्यांच्या संमतीविना काढली गेली होती त्या मात्र तो दावा हरल्या, कारण धर्मादाय रुग्णालयाला अशा कृत्यासाठी जबाबदार धरता येत नाही असे त्या काळी मानत. डॉक्टरने सगळी माहिती देऊन मगच संमती घ्यावी ही कल्पना कॅलिफोर्नियातील एका निकालात तिच्या आजच्या नावाने अवतरली ती १९५७ मध्ये. १९६१ मध्ये शिकागोतील डॉक्टरांच्या एका पाहणीत सुमारे ९० टक्क्यांनी सांगितले की कर्करोगाच्या रुग्णाला निदान न सांगणेच ते पसंत करतात. १९७९ मध्ये तोच प्रश्न दुसऱ्या एका रुग्णालयातील डॉक्टरांना विचारला गेला, तेव्हा ९७ टक्के म्हणाले की आम्ही सांगतो. आम्ही भावंडे जे करू पाहत होतो, ते १९६१ मधला अमेरिकी डॉक्टर रोज करत होता.

मधल्या अठरा वर्षांत नागरी हक्कांची चळवळ झाली, स्त्रियांची चळवळ झाली, अधिकारपदावरच्या माणसाचे म्हणणे निमूटपणे मानण्याची सवय गेली. १९७३ मध्ये रुग्णालयांच्या राष्ट्रीय संघटनेने रुग्णांच्या हक्कांची सनद काढली आणि १९९० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा केला की दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला त्याच्या पूर्वसूचनांविषयी, म्हणजे शुद्ध हरपल्यास काय करावे याविषयी, रुग्णालयाने विचारलेच पाहिजे. डॉक्टरांच्या त्या साध्या प्रश्नामागे एवढे सगळे उभे होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

विमा नोकरीला कसा चिकटला, हे मला अजून पुरते उलगडलेले नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

गोधडी

विम्याच्या बाजूविषयी लिहितो, कारण या विषयावर मी काही वर्षे वाचन केले आहे.

१९२९ मध्ये डॅलसच्या बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार जस्टिन फोर्ड किम्बल पाहत होते. ते पूर्वी त्याच शहराच्या शाळांचे अधीक्षक होते, त्यामुळे थकलेल्या बिलांमध्ये त्यांना ओळखीच्या शिक्षकांची नावे दिसू लागली. त्यांनी योजना मांडली की शिक्षकांनी महिन्याला ५० सेंट भरावेत आणि गरज पडल्यास २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात उपचार घ्यावेत. बाराशेहून अधिक शिक्षक सामील झाले. लवकरच महामंदी आली, देशभरच्या रुग्णालयांत खाटा रिकाम्या पडू लागल्या, आणि हीच कल्पना पुढे ब्लू क्रॉस या नावाने पसरली. आजाऱ्याला आधार मिळाला हे खरेच आहे, पण योजनेचा जन्म रुग्णालयाची वसुली नियमित व्हावी या गरजेतून झाला होता, आणि बिलाला मध्यवर्ती स्थान देणारी तिची घडण तिथूनच आली.

या योजना नोकरदारांच्या गटांनाच का विकल्या गेल्या, याचे कारण विम्याच्या गणितात आहे. विमा एकेकट्याला विकला तर तो घेण्याची घाई आजारी माणसालाच जास्त असते आणि मग हप्ता चढत जातो. एखाद्या कारखान्यातील सर्वांना एकदम घेतले तर त्यांत बहुसंख्य धडधाकट असतात, कारण धडधाकट आहेत म्हणूनच ते कामावर आहेत. म्हातारे, अपंग आणि बेरोजगार आपोआप बाहेर राहतात, आणि त्यांना कोणी मुद्दाम वगळले असे दिसतही नाही.

त्यानंतर युद्ध आले. १९४२ मध्ये महागाई रोखण्यासाठी सरकारने वेतनावर मर्यादा घातली. कारखान्यांना तर माणसे हवी होती. विम्याचा हप्ता वेतनात धरायचा नाही असे ठरले, तेव्हा पगार वाढवता येत नाही म्हणून मालकांनी विमा देऊ केला. मालकाने भरलेल्या या हप्त्यावर कामगाराला प्राप्तिकर लागणार नाही, हे १९५४ च्या करसंहितेत पक्के झाले. १९४० मध्ये साधारण दहांतील एका अमेरिकनाकडे रुग्णालयाचा विमा होता, १९५० पर्यंत तो निम्म्या लोकांकडे पोचला. युद्धकाळातली एक तात्पुरती सोय अशा रीतीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया होऊन बसली. करसवलत असल्यामुळे ज्याचे उत्पन्न मोठे त्याचा फायदाही मोठा, आणि ज्याच्याकडे हा विमा आहे त्याला तो स्वतः कमावल्यासारखा वाटतो; त्यातला सरकारचा वाटा त्याच्या डोळ्यांना दिसत नाही.

मेघश्याम

मी नाशिकहून लिहितो, अमेरिकेत कधी राहिलेलो नाही, त्यामुळे चुकल्यास दुरुस्त करावे. विमा नोकरीशी बांधणे ही केवळ अमेरिकेची गोष्ट कशी म्हणता येईल? जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्येच कामगारांचा आजारपणाचा विमा सुरू केला आणि त्याचे पैसे पगारातूनच कापले जात. तरीही आज तिथे नोकरी गेली म्हणून कोणी उघड्यावर पडत नाही. तेव्हा व्यक्तिवाद हे एकच कारण पुढे करून भागेल असे मला वाटत नाही.

गोधडी

मेघश्याम, आपला मुद्दा योग्य आहे. फरक सक्तीचा आहे. जर्मनीत विमा कायद्याने बंधनकारक झाला आणि हळूहळू त्याचे वर्तुळ सर्वांपर्यंत वाढवले गेले. इथे मालकाच्या मर्जीवर सुरू झालेली गोष्ट बराच काळ मर्जीवरच राहिली.

सक्तीच्या विम्याचा प्रयत्न इथेही झाला. १९१५ पासून काही सुधारकांनी राज्याराज्यांत त्याचा मसुदा नेला. मग अमेरिका महायुद्धात उतरली, जर्मनीकडून आलेली प्रत्येक कल्पना संशयास्पद ठरली, आणि १९१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ती मोठ्या फरकाने फेटाळली. नोव्हेंबर १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याची मागणी काँग्रेसपुढे ठेवली. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने १९४९ मध्ये आपल्या प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलर घेऊन त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि ती चालवायला कॅलिफोर्नियातील व्यावसायिक प्रचारक नेमले. आजारी मुलाच्या उशाशी विचारमग्न बसलेल्या डॉक्टरचे एक जुने चित्र दवाखान्यादवाखान्यांत लावले गेले आणि त्याखाली मजकूर होता की या चित्रात राजकारण आणू नका. ते चित्र ब्रिटिश चित्रकाराचे होते, आणि ब्रिटनने आदल्याच वर्षी, जुलै १९४८ मध्ये, राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली होती.

एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. सरकारी सक्तीचा विमा अमेरिकी परंपरेत बसत नाही असे वारंवार म्हटले जाते, परंतु १७९८ मध्ये अध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी सही केलेल्या कायद्याने व्यापारी जहाजांवरच्या खलाशांच्या पगारातून महिन्याला २० सेंट कापले जात आणि त्यातून बंदरांमध्ये त्यांच्यासाठी रुग्णालये चालत. जी परंपरा सांगितली जाते ती अनेकदा अशी निवडून घेतलेली असते.

काळी माती

मी अटलांटात राहते आणि सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. गोधडी यांनी खलाशांच्या ज्या सेवेचा उल्लेख केला, तिचेच रूपांतर होऊन १९१२ मध्ये पब्लिक हेल्थ सर्व्हिस हे नाव आले. याच सरकारी सेवेने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अलाबामातील मेकन परगण्यात सिफिलिस या गुप्तरोगावर उपचार न केल्यास काय होते हे पाहण्याचा टस्कीगीचा अभ्यास चालवला.

धागालेखकांनी रुग्णाच्या संमतीचे श्रेय प्रामुख्याने व्यक्तिस्वातंत्र्याच्या मूल्याला दिले आहे. मला हे अपुरे वाटते. ६०० कृष्णवर्णीय पुरुष, बहुतेक जण दुसऱ्याच्या जमिनीवर कुळ म्हणून शेती करणारे. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस आधीच झालेला होता. रोग त्यांना टोचला गेला असा एक गैरसमज आहे, तसे घडले नव्हते. घडले ते असे की त्यांना निदान सांगितले गेले नाही, 'तुमचे रक्त खराब आहे' एवढेच सांगितले गेले, पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याच्या वेदनादायक चाचणीला खास मोफत उपचार म्हटले गेले, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागल्यावरही ते यांच्यापर्यंत पोचू नये अशी व्यवस्था ठेवली गेली. मृत्यूनंतर शवविच्छेदनाला कुटुंबाने मान्यता द्यावी म्हणून दफनाचा खर्च देण्याची तयारी होती. याच सेवेत काम केलेल्या पीटर बक्स्टन यांनी वर्षानुवर्षे आक्षेप नोंदवले आणि शेवटी माहिती वृत्तसंस्थेकडे दिली, तेव्हा जुलै १९७२ मध्ये हे देशाला कळले. १९७४ चा संशोधनविषयक कायदा, प्रत्येक संस्थेतील नीतिसमित्या आणि संशोधनाच्या नीतितत्त्वांविषयीचा १९७९ चा बेलमाँट अहवाल हे सर्व त्यानंतरचे आहे.

आज आपण रुग्णालयात पाच पानी संमतीपत्रावर सही करतो, तेव्हा ते पत्र तत्त्वज्ञांच्या चर्चेतून जेवढे आले तेवढेच या माणसांच्या शरीरांवरून आले आहे. व्यक्तीचा हक्क हे मूल्य या देशाच्या पहिल्या दिवसापासून कागदावर होते. व्यक्ती कोणाला म्हणायचे, हा प्रश्न मात्र वर्णाने ठरत होता. अध्यक्ष क्लिंटन यांनी मे १९९७ मध्ये जाहीर माफी मागितली, तेव्हा त्या ६०० पैकी केवळ आठ जण जिवंत होते.

विम्याच्या इतिहासातही हीच रेषा आहे. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने देशभर रुग्णालये बांधायला केंद्राचा पैसा दिला, पण कृष्णवर्णीयांसाठी 'वेगळी तरी समान' सोय चालेल असे कलम त्यात होते. ते टिकले १९६३ पर्यंत, जेव्हा नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरोचे दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी अपील न्यायालयात जिंकले. मग १९६६ मध्ये मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, सुरू होताना केंद्राने अट घातली की वर्णभेद पाळणाऱ्या रुग्णालयाला पैसे मिळणार नाहीत. वर्णानुसार वेगळे ठेवलेले, दशकानुदशके न हललेले विभाग काही महिन्यांत एकत्र झाले. सरकारला वैद्यकापासून दूर ठेवण्याच्या आग्रहामागे दक्षिणेत नेमकी ही भीती होती, हे विसरून हा इतिहास लिहिता येणार नाही.

नदीकाठ

काळी माती, आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. मी न्यायालयांच्या निकालांची माळ लावली आणि ज्यांच्यामुळे ते निकाल आणि कायदे आवश्यक ठरले त्यांना बाहेर ठेवले. मूळ लेखात बदल करत नाही. वाचकांनी दोन्ही एकत्र वाचावे.

सांजवेळ

मी वॉशिंग्टन राज्यात डायलिसिस केंद्रात परिचारिका आहे. 'पात्रता' या शब्दावर धागालेखकांनी बोट ठेवले आहे, आणि माझ्या कामाच्या क्षेत्राइतका त्याचा स्पष्ट इतिहास दुसरीकडे क्वचितच सापडेल.

१९६० मध्ये सिॲटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातातील धमनी आणि शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी कायमची बसवण्याची युक्ती शोधली. त्यापूर्वी डायलिसिस करायचे तर दर वेळी नव्या रक्तवाहिन्या उघडाव्या लागत, म्हणून ते थोड्याच वेळा शक्य होते. आता मूत्रपिंडे कायमची निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षे जगू शकणार होता. यंत्रे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १९६२ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरलेल्या रुग्णांतून कोणाला घ्यायचे हे ठरवण्यासाठी सात जणांची समिती बसली. तिच्यात एक वकील, एक पाद्री, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक शल्यविशारद होते. त्यांची नावे गुप्त ठेवली गेली. वय, लग्न, मुले, उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय, समाजातील कामगिरी हे सगळे तोलले जात असे. एका साप्ताहिकाने त्याच वर्षी ही हकिकत छापली तेव्हा देश हादरला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आदरणीय वाटणारा माणूस जगण्यास अधिक लायक आहे, असे त्या मोजपट्टीचे म्हणणे होते, आणि ती लावणारी माणसे वाईट नव्हती. आपल्या समाजात ज्याला मान होता त्यालाच त्यांनी गुण दिले.

दहा वर्षांनी, ऑक्टोबर १९७२ मध्ये, अध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने मूत्रपिंडे निकामी झालेल्या जवळपास प्रत्येकाला, वयाची अट न ठेवता, मेडिकेअरखाली आणले. एका अवयवाच्या आजारासाठी इतके व्यापक संरक्षण देणारी दुसरी तरतूद या देशाने केली नाही. डोळ्यांसमोर मरणारा, नाव-चेहरा असलेला माणूस इथल्या मनाला सहन होत नाही. आकड्यांत मरणारा होतो. १९८६ चा तातडीच्या उपचारांचा कायदाही तसाच आहे, की जो दारात आला त्याला तपासून स्थिर करावेच लागते, पण त्याला तिथवर आणणारा मधुमेह सांभाळण्याची हमी कोणी देत नाही.

आणि १९७२ च्या त्या उदार कायद्यातही स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा आईवडिलांच्या नोकरीतील वर्गणीची अट आहे. आपल्या लोकांनी हे नीट समजून घ्यावे, कारण मेडिकेअरचा रुग्णालयाचा भाग हप्त्याविना मिळायला साधारणपणे दहा वर्षांच्या कामाची नोंद लागते. मुलाने वीस वर्षे कर भरला म्हणून ग्रीन कार्डावर आलेल्या आईला तो मिळत नाही; ६५ वर्षांनंतर, इथे सलग पाच वर्षांचे वास्तव्य झाल्यावर, ती हप्ता भरून तो घेऊ शकते. मूल आईवडिलांना सांभाळते हे नाते या कायद्याच्या हिशेबात बसत नाही.

वर्णाविषयी काळी माती यांनी लिहिले, त्यात माझ्या कामातील एक भर घालते. मूत्रपिंड किती टक्के काम करते हे रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ घटकावरून काढण्याच्या सूत्रात अगदी अलीकडेपर्यंत रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास उत्तर वाढवून धरले जात असे. त्यामुळे तोच आकडा असलेला कृष्णवर्णीय रुग्ण कागदावर अधिक निरोगी दिसे आणि रोपणाच्या प्रतीक्षायादीवर उशिरा येई. २०२१ मध्ये वर्ण वगळलेले सूत्र स्वीकारले गेले आणि २०२३ पासून अशा हजारो रुग्णांचा गमावलेला प्रतीक्षाकाळ त्यांना परत मोजून दिला गेला. आमच्या केंद्रातील एका आजोबांना ते पत्र आले, तेव्हा मी ते त्यांना वाचून दाखवले होते.

उंबरठा

या इतिहासाशी मराठी वाचकांचे एक जुने नाते आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या, हे आपण शाळेत शिकतो. ते महाविद्यालय तिथे होतेच का, हे सहसा शिकवले जात नाही. स्त्रियांना बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांची दारे बंद होती, म्हणून क्वेकर पंथाच्या मंडळींच्या पुढाकाराने १८५० मध्ये ते स्थापन झाले. १८६९ मध्ये तिथल्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये प्रात्यक्षिकाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवून त्यांना हैराण केले. इकडे आनंदीबाईंना जे ऐकावे लागले त्याची दुसरी आवृत्ती त्यांच्या आधीच्या विद्यार्थिनींनी तिकडे ऐकली होती.

सरकारने काही करायचे नाही असा आग्रह असलेल्या समाजात लोकांनी संस्था स्वतः काढल्या, आणि त्याचा लाभ कल्याणच्या एका ब्राह्मण मुलीला झाला. जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय १८९३ मध्ये सुरू झाले; त्याआधी ते पुरेशा निधीअभावी अडले होते, तेव्हा मेरी गॅरेट यांनी पैसा दिला तो स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश देण्याच्या अटीवर.

याचीच दुसरी बाजू १९१० मध्ये दिसते. अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय महाविद्यालये पाहून अहवाल लिहिला. त्यांतली बरीच खरोखर पदव्यांची दुकाने होती, प्रयोगशाळा नव्हती, रुग्ण नव्हते. ती बंद झाली हे चांगलेच झाले. परंतु प्रयोगशाळा आणि पूर्णवेळ प्राध्यापक यांना पैसा लागतो, आणि ज्यांच्यामागे धनिक नव्हते ती महाविद्यालये आधी गेली. कृष्णवर्णीयांसाठीच्या सातपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच उरली. आज लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के आहेत आणि डॉक्टरांत त्यांचे प्रमाण त्याच्या निम्म्याहून कमी आहे. आनंदीबाईंचे महाविद्यालय मात्र टिकले, आणि १९७० च्या सुमारास त्याने पुरुषांनाही प्रवेश दिला.

रानवाट

मी मिडवेस्टमधील एका छोट्या गावात फिजिशियन आहे. एमबीबीएस मराठवाड्यातील शासकीय महाविद्यालयातून केले. उंबरठा यांनी लिहिलेल्या १९१० च्या धाग्याचे दुसरे टोक माझ्यापाशी येते, म्हणून लिहितो.

महाविद्यालये कमी झाली, शिक्षण लांबले आणि महागले. पदवीची चार वर्षे, मग वैद्यकाची चार वर्षे, मग निवासी डॉक्टर म्हणून तीन ते सात वर्षे. साधारण दोन लाख डॉलरचे कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडणारा तरुण जास्त कमाईच्या विशेष शाखा निवडतो आणि शहरात राहतो, यात त्याला दोष देता येत नाही. शिक्षणाचा खर्च ज्याचा त्याने उचलायचा, हे मूल्य एकदा मान्य केले की गावात डॉक्टर नसणे त्यामागून येतेच.

१९६५ च्या उन्हाळ्यात ३० जुलैला अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली, ट्रुमन यांच्या गावी जाऊन, त्यांच्या समक्ष. कोट्यवधी वृद्धांना एकदम उपचाराचा हक्क मिळाला. ३ ऑक्टोबरला त्यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली आणि देशवार कोट्याची पद्धत संपवली. त्याआधी संपूर्ण भारताला वर्षाला अवघ्या १०० जणांचा कोटा होता. दोन कायद्यांचे हेतू वेगळे होते, पण एकाने डॉक्टरांची गरज निर्माण केली आणि दुसऱ्याने आम्हाला दार उघडले. मुंबईच्या आणि पुण्याच्या महाविद्यालयांतील माझ्या वडीलधाऱ्या डॉक्टरांची पिढी त्या दारातून आली. आज इथल्या चारपैकी सुमारे एक डॉक्टर परदेशात शिकलेला आहे, आणि त्यांत भारतात शिकलेले सर्वांत जास्त आहेत. निवासी डॉक्टरांच्या जागांचा मोठा खर्च मेडिकेअर देते आणि १९९७ मध्ये त्या निधीला मर्यादा घातली गेली, त्यामुळे तुटवडा चालूच राहिला.

निवासी प्रशिक्षण जे-१ व्हिसावर झाले की दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षे काम केल्यास त्यातून सूट मिळते. मी अशी सूट घेऊन इथे आलो आणि राहिलो. माझ्या प्रतीक्षाकक्षात बसलेले शेतकरी सरकारी आरोग्यसेवेला ठाम विरोध करतात, मेडिकेअरवर त्यांचे प्रेम आहे, आणि ते त्यांना विसंगत वाटत नाही, कारण मेडिकेअर त्यांनी आयुष्यभर काम करून मिळवले आहे. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांचे म्हणणे प्रामाणिक आहे. पण ज्या जिल्ह्याच्या करांतून माझे शिक्षण नाममात्र शुल्कात झाले, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी एक वर्षही काढले नाही, ही गोष्ट मला अलीकडे फार टोचते. अमेरिकी व्यवस्थेच्या हिशेबात तो खर्च कुठेही दिसत नाही.

मेघश्याम

पुष्कळ नवे समजले. नदीकाठ, आईंची प्रकृती आता कशी आहे? आणि त्या डॉक्टरांवरचा राग अजून आहे का?

नदीकाठ

शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीही पूर्ण झाली, गेल्या महिन्याच्या तपासणीत काही निघाले नाही. राग राहिलेला नाही.

त्या दिवशी 'मलाच सांगा' असे म्हटल्यावर आईने दोन प्रश्न विचारले होते. पहिला, शस्त्रक्रियेनंतर पोटाला पिशवी लावावी लागेल का. आम्हा भावंडांपैकी एकालाही तो सुचला नव्हता. डॉक्टरांनी कागदावर आतड्याचे चित्र काढून, दुभाष्याला थांबवत थांबवत, तिला सगळे समजावले. दुसरा प्रश्न होता, 'याला खर्च किती येईल?' डॉक्टर म्हणाले की ते त्यांना ठाऊक नसते. रुग्णालयाच्या हिशेब विभागाने विमा कंपनीकडे बोट दाखवले. विमा आम्ही २०१० च्या कायद्याने सुरू झालेल्या आरोग्यविम्याच्या बाजारपेठेतून घेतला होता; त्या कंपनीने सांगितले की रुग्णालय उपचारांना कोणते सांकेतिक क्रमांक लावते हे कळेपर्यंत रक्कम सांगता येणार नाही. आई पन्नास वर्षे घरखर्चाची वही लिहीत आली आहे. त्या दिवसाच्या नोंदीपुढची जागा तिने मोकळी ठेवली आणि सात आठवड्यांनी तिच्या नावाने बिल आले तेव्हा भरली.

दाखल होताना पूर्वसूचनांचा तो अर्जही तिला दिला गेला. शुद्ध नसेल तर आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा या रकान्यात माझे नाव असेल असे मी गृहीत धरले होते. तिने ओहायोतल्या माझ्या धाकट्या बहिणीचे नाव घातले. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, 'ती मला सगळे सांगेल.'